आठजणांतला एक

आमच्या कोकणातल्या मुसलमान घरांत मुलगा अठरा-एकोणीस वर्षांचा झाला की पुढचे प्रश्न ठरलेले असतात. जहाजावर जाणार की आखातात? पासपोर्ट काढला का? व्हिसा कोण देणार? मेडिकल कधी? दिवेआगर, बोर्ली पंचतन, म्हसळा, श्रीवर्धन, कुठेही जा, हेच ऐकू येईल. आमच्या घरात या प्रश्नांची सवय तीन पिढ्यांची. आजोबा बोटीवर खलाशी होते. आम्हा दोघांपैकी एकाने कुवेतमध्ये चौदा वर्षे काढली आणि दुसरीने तेवढीच वर्षे इथे वाडी, म्हातारी माणसे आणि दोन मुले सांभाळली. त्यामुळे मुंबईत मामूकडे राहून शिकणारा आमचा मुलगा ईदला घरी आला आणि शिरखुर्म्याची वाटी बाजूला ठेवून म्हणाला, "मला रग्बीच खेळायचंय, त्यातच करिअर करायचंय," तेव्हा त्याला शाबासकी द्यायची की रागवायचे, हेसुद्धा आम्हाला कळेना.

मुलगा एकोणीस वर्षांचा, सहा फूट उंच, वजन अठ्ठ्याण्णव किलो. लहानपणापासून अंगाने थोराड. वर्गात मागच्या बाकावर बसवलेला, लग्नात पाटा-वरवंटा उचलायला बोलावलेला. कॉलेजच्या मैदानावर कोणीतरी त्याला पाहिले आणि विचारले, खेळणार का? आजवर त्याच्या अंगावरून चेष्टाच व्हायची. या खेळात मात्र त्याच अंगाला किंमत होती. हे आम्हाला फार उशिरा समजले. आम्हाला वाटले होते, कबड्डीसारखे काही असेल. रायगड जिल्ह्यात कबड्डी कोणाला समजावून सांगावी लागत नाही. पण त्याने पिशवीतून तो लांबट चेंडू काढला तेव्हा त्याच्या दादी म्हणाल्या, "हा तर असोला नारळ!" आणि खरेच, पुढचे चार दिवस त्याने वाडीतल्या पोरांना असोले नारळच फेकायला आणि झेलायला शिकवले. (नारळ चेंडूच्या दुप्पट जड. दोघांची बोटे सुजली.)

आम्हाला हा खेळ समजला तो मात्र मुलाकडून नव्हे, तर केपच्या मामूंकडून. ते कोण, हे थोडे सांगायला हवे. रत्नागिरी आणि त्या वेळच्या कुलाबा जिल्ह्यातून, म्हणजे आपल्या आजच्या रायगडमधून, शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वी बरीच कोकणी मुसलमान माणसे दक्षिण आफ्रिकेत केप टाऊनला गेली. कोणी किराणा दुकान टाकले, कोणी कोणाच्या दुकानात नोकर राहिले, आणि त्यांची मुले-नातवंडे तिथलीच झाली. दादींचे मामेभाऊ त्यांच्यापैकीच. वय अठ्ठ्याहत्तर. दोन वर्षांपूर्वीच्या हिवाळ्यात ते आईचे गाव पाहायला आले आणि आमच्याकडे तीन आठवडे राहिले. त्यांची कोकणी बोली आमच्यापेक्षा जुनी. काही शब्द तर इथे फक्त दादींनाच कळत. मुलगा रग्बी खेळतो म्हटल्यावर त्यांनी त्याचे कान हातात घेऊन नीट पाहिले. कानाच्या पाळ्या अजून सरळ आहेत, म्हणजे नवखा आहे, असे म्हणाले. मग स्वतःचा डावा कान दाखवला. सुकलेल्या अंजिरासारखा चुरगळलेला.

मामू विशीत असताना, १९६० नंतरच्या वर्षांत, तिथल्या एका क्लबमधून खेळत. जागा हूकरची, म्हणजे पुढच्या तिघांतला मधला. सोमवार ते शुक्रवार बापाच्या दुकानात पीठ, साखर तोलायची आणि शनिवारी दुपारी मैदान. पैसा एक मिळत नसे, उलट जर्सी घरी धुवायची आणि बुटांचे खिळे स्वतः ठोकायचे. आम्हाला वाटले होते की रग्बी म्हणजे गोऱ्या साहेबांचा खेळ. मामू हसले. केप टाऊनच्या मुसलमान वस्त्यांत हा खेळ त्यांच्या आजोबांच्याही आधीपासून होता. तिथल्या बिगरगोऱ्यांच्या क्लबांनी १८८६ मध्येच आपली स्वतंत्र संघटना उभी केली होती आणि तिच्यात मुसलमान खेळाडूंचाच भरणा होता. सुरुवातीच्या क्लबांपैकी एकाचे नाव होते अरेबियन कॉलेज. नाव ऐकून दादींना वाटले, तो मदरसाच असणार!

पण वर्णभेदाचा कायदा असा की गोऱ्यांचा देशाचा संघ वेगळा, इतरांचा वेगळा. मामूंच्या काळातला कितीही ताकदीचा काळा किंवा मुसलमान खेळाडू असो, हिरवी स्प्रिंगबॉक जर्सी त्याच्या अंगावर चढायची नाही. न्यूलँड्स या केप टाऊनच्या मोठ्या मैदानावर त्यांना कुंपणापलीकडच्या वेगळ्या भागात उभे राहून सामना पाहावा लागे. न्यूझीलंडचा संघ आला की तो सारा भाग आपल्याच देशाविरुद्ध, न्यूझीलंडच्या बाजूने ओरडे. १९७० मध्ये न्यूझीलंडच्या संघात मावरी खेळाडू आले, तर सरकारने त्यांना दौऱ्यापुरते 'मानद गोरे' ठरवले. मामू हे सांगताना हसत होते, पण मुलगा हसला नाही. "तुम्ही कधी वर गेलाच नाहीत?" त्याने विचारले. मामू म्हणाले, "वर होतेच काय? शनिवार होता."

मग एका ओहोटीला त्यांनी सगळ्यांना समुद्रावर नेले. सुरूच्या बनापुढे ओली, घट्ट वाळू पसरली होती. तिथे त्यांनी पंधरा सुपाऱ्या मांडल्या. एका संघात पंधरा खेळाडू. एक ते आठ हे फॉरवर्ड, नऊ ते पंधरा हे बॅक. पळून गुण करणारे, ज्यांची छायाचित्रे छापली जातात ते बहुधा बॅक. फॉरवर्ड म्हणजे चेंडू मिळवून देणारे आणि मिळालेला राखणारे. पुढचे तीन, त्यांत दोन बाजूंना दोन प्रॉप आणि मध्ये हूकर. त्यांच्या मागे दोन उंच लॉक. बाजूंना दोन फ्लँकर आणि सर्वांत मागे आठ नंबर. खेळ थांबून पुन्हा सुरू करताना हे आठजण खांद्याला खांदा बांधून वाकतात आणि समोरच्या आठजणांशी भिडून ढकलतात. याला स्क्रम म्हणतात. चेंडू मधून टाकला जातो. ढकलण्यात जो संघ सरस, चेंडू त्याचा.

भरडखोलला होडी वाळूवर ओढताना पाहिली असेल तर हे लगेच कळते. दोन्ही बाजूंना माणसे खांदा लावतात, एकजण आवाज देतो आणि होडी सरकते. कोणाच्या जोराने सरकली हे बाहेरून कोणालाच सांगता येत नाही, पण खांदा लावलेल्या प्रत्येकाला माहीत असते की शेजाऱ्याने जोर लावला होता की नुसता हात ठेवला होता. आमचा मुलगा तीन नंबर, म्हणजे टाइटहेड प्रॉप. स्क्रमच्या वेळी समोरच्या दोन माणसांच्या मध्ये त्याचे डोके अडकते आणि दोघांचाही भार त्याच्या मानेवर आणि खांद्यांवर येतो. मामू म्हणाले, ही जागा सर्वांत कमी दिसते आणि सर्वांत महाग विकली जाते, कारण ती नीट सांभाळणारी माणसे जगात थोडी. हे ऐकताना आमच्यापैकी एकाचे लक्ष 'महाग' या शब्दाकडे गेले आणि दुसरीचे 'मानेवर' या शब्दाकडे.

मामू परत गेले. ईदला मुलगा 'करिअर' म्हणाला ते त्यानंतर. मग आम्ही दोघांनी, जसा एखाद्या कंपनीचा व्हिसा आला की आपण चौकशी करतो, तशी या धंद्याची चौकशी सुरू केली.

पहिली गोष्ट कळली ती ही की, हा धंदा आमच्या लग्नाहून फार जुना नाही. पंधराजणांच्या या रग्बीत, जिला रग्बी युनियन म्हणतात, ऑगस्ट १९९५ पर्यंत खेळण्याचे पैसे घेणे नियमबाह्यच होते. खेळाडू डॉक्टर असत, शेतकरी असत, पोलीस असत. त्या महिन्यात पॅरिसच्या बैठकीनंतर जागतिक मंडळाने खेळ खुला केला आणि तेव्हापासून इंग्लंड, फ्रान्स, न्यूझीलंड, दक्षिण आफ्रिका, जपान या देशांत पगारी खेळाडू तयार झाले. करार बहुतेक दोन-तीन वर्षांचे. करारापूर्वी वैद्यकीय तपासणी. मग नूतनीकरण होते किंवा होत नाही. हे वाचून कुवेतवाले हसले. "म्हणजे आमच्यासारखेच. मेडिकलला अनफिट निघाला की सामान बांधा."

दुसरी गोष्ट वयाची. प्रॉप उशिरा पिकतो. पंचविशीच्या आधी त्या जागेवर क्वचित कोणी मुरलेला मानला जातो आणि पस्तिशीच्या आसपास शरीर थांबायला सांगते. म्हणजे चांगली दहा वर्षे, तीही देवाच्या मर्जीने आणि गुडघ्यांच्या मेहेरबानीने.

केप टाऊनचाच निझाम कार याची कारकीर्द आम्ही बारकाईने पाहिली, कारण तो आपल्यातला आणि फॉरवर्डही. १९९१ चा जन्म, फ्लँकर किंवा आठ नंबरला खेळणारा. स्टॉर्मर्स या केप टाऊनच्या संघातून पुढे आला आणि नोव्हेंबर २०१४ मध्ये देशाची हिरवी जर्सी त्याच्या अंगावर चढली, जी मामूंच्या पिढीला मिळणे शक्यच नव्हते. पण देशासाठीचे त्याचे कसोटी सामने बोटांवर मोजण्याइतके. बाकीची सारी वर्षे क्लबची नोकरी. आधी केप टाऊन, मग इंग्लंडमध्ये वॉस्प्स, मग परत येऊन प्रिटोरियाचा बुल्स. आम्हाला ही कारकीर्द एखाद्या मोठ्या नावापेक्षा जास्त शिकवून गेली. देशाची जर्सी पाच-सहा आठवड्यांची गोष्ट, घर चालते ते क्लबवर. मुलाने भिंतीवर मात्र दुसऱ्याचेच चित्र लावले आहे. न्यूझीलंडचा ओफा तुंगाफासी. हा मूळचा टोंगा बेटांचा आणि आमच्या मुलासारखाच प्रॉप. मार्च २०१९ मध्ये ख्राइस्टचर्चच्या मशिदींवर हल्ला झाला, त्यानंतर तो जखमींना भेटायला गेला आणि त्याच दिवसांत त्याने इस्लाम स्वीकारला.

तिसरी गोष्ट आपल्या देशाची, आणि इथेच मुलाचे तोंड उतरले. भारतात रग्बी नवी नाही. कलकत्त्याचा क्लब १८७० नंतरच्या वर्षांत बंद पडला तेव्हा बँकेतले चांदीचे २७० रुपये वितळवून त्याचा चषक केला गेला, आणि इंग्लंड-स्कॉटलंड आजही त्याच कलकत्ता कपसाठी खेळतात. मुंबईत बॉम्बे जिमखान्याच्या मैदानावर पिढ्यान्पिढ्या हा खेळ चालू आहे. पण आपल्याकडे जो पैसा आता येऊ लागला आहे, तो सातजणांच्या रग्बीत. ऑलिंपिकमध्ये २०१६ पासून तीच आहे. जून २०२५ मध्ये अंधेरीच्या क्रीडा संकुलात रग्बी प्रीमियर लीग झाली, सहा संघांची, खेळाडूंवर बोली लावून, तीही सातजणांचीच. त्या खेळात फॉरवर्ड तीनच असतात आणि तेसुद्धा हरणासारखे पळणारे. आमच्या मुलाचे अंग त्या साच्यातले नाही. म्हणजे त्याला जे येते, त्याचा पगार भारतात कोणी देत नाही, आणि जिथे देतात तिथे त्याच्यासारखी पोरे आठव्या वर्षापासून स्क्रममध्ये घातली जातात. हे आम्ही त्याला समोर बसवून सांगितले. तो म्हणाला, "अब्बा, मला माहीत होतं. तुम्हाला कळेल की नाही, तेवढंच बघत होतो." एकोणीस वर्षांच्या मुलाला एवढे शहाणपण असावे याचा आनंद मानावा की धसका घ्यावा?

आता मानेची गोष्ट. इंग्लंडचा स्टीव्ह थॉम्पसन हा हूकर २००३ च्या विश्वविजेत्या संघात होता. २०२० मध्ये, वयाच्या बेचाळिसाव्या वर्षी, आपल्याला स्मृतिभ्रंश झाल्याचे त्याने जाहीर केले. तो विश्वचषक जिंकल्याचेच त्याला आठवत नाही. पुढच्या वर्षी न्यूझीलंडचा प्रॉप कार्ल हेमन यानेही तेच सांगितले. तो तेव्हा एक्केचाळीस वर्षांचा होता. दोघेही पुढच्या तिघांतले. वर्षानुवर्षे डोक्याला बसलेले लहान-मोठे मार, असे त्यांचे म्हणणे, आणि शेकडो जुने खेळाडू आज न्यायालयात उभे आहेत. आईने हे वाचले त्या रात्री ती झोपली नाही. मुलाचा खांदा आदल्या पावसाळ्यात एकदा उतरला होता. त्या सामन्याला मैदानावर ना डॉक्टर होता ना गाडी. मित्रांनी रिक्षात घालून नेले होते आणि आम्हाला तिसऱ्या दिवशी कळवले होते. खांदा बसतो. डोके बसवता येत नाही.

खेळ सुधारतो आहे, हेही खरे. २०१३ पासून स्क्रममध्ये धावत येऊन आदळणे बंद झाले. पंच आधी वाकायला, मग पकडायला आणि मग भिडायला सांगतो, त्यामुळे पहिला धक्का कमी झाला. डोक्याला मार बसल्याची नुसती शंका आली तरी खेळाडूला बाहेर काढायचे आणि त्या दिवशी परत आत सोडायचे नाही, हा नियम आता साध्या क्लबांनाही लागू आहे. पण नियम पाळणारी माणसे मैदानावर हवीत. आम्ही मुलाकडून जे वचन घेतले, त्यातले पहिले हेच. डोके गरगरले, उजेड सहन झाला नाही, धावसंख्या विसरला, तर लपवायचे नाही. कर्णधार काय म्हणेल, जागा जाईल का, हे नंतर.

दीन आणि धंद्याचा मेळ कसा घालायचा, हेही बोलून घेतले. रमजानमध्ये दुपारचा सराव मगरिबनंतर हलवता येतो का, हे त्याने प्रशिक्षकाला स्वतः विचारले, आणि त्यांनी आठवड्यातले दोन दिवस हलवलेही. व्यायामशाळेतल्या डब्यांचे मात्र आम्हाला भय वाटते. कॅप्सूलचे जिलेटिन कशाचे, हा एक प्रश्न. त्याहून मोठा प्रश्न, आत काय मिसळले आहे. बंदी असलेले द्रव्य लघवीत सापडले की चार वर्षे घरी बसावे लागू शकते, आणि 'मला दुकानदाराने दिले' हे तिथे चालत नाही. म्हणून पावडर बंद, अंडी-मासे चालू. जर्सीवरच्या जाहिरातींचा विषय मुलानेच काढला. न्यूझीलंडचा सनी बिल विल्यम्स, तो फॉरवर्ड नव्हे, पण मोठा खेळाडू, त्याने २०१७ मध्ये कॉलरवरच्या बँकेच्या नावावर पट्टी चिकटवली होती, आणि मंडळाने त्याचे म्हणणे मान्य केले होते. दादी म्हणाल्या, "आधी जर्सी तर मिळू दे, मग पट्टीचं बघू."

आता हिशेब, कारण शेवटी घर हिशेबावर चालते. ३ जून २०२० च्या निसर्ग वादळाने आमच्या वाडीतली सुपारी दुपारच्या दोन-तीन तासांत आडवी केली. श्रीवर्धन, दिवेआगरमधल्या कितीतरी वाड्यांची हीच कथा. आजोबांनी लावलेली झाडे होती ती. नवी रोपे लावली, पण सुपारीचे झाड हाताशी यायला पाच-सात वर्षे घेते. तोवर घर चालले ते पर्यटकांना दिलेल्या दोन खोल्यांवर आणि कुवेतच्या शिलकीवर. शिलकीत मुलीच्या लग्नाचे आणि मुलाच्या पहिल्या व्हिसाचे पैसे होते. मुलाला कुवेतमधल्या ओळखीच्या कंपनीत सुपरवायझरचा सहायक म्हणून जागा मिळत होती, पुढच्या सहा महिन्यांत. ती सोडायची का, हा खरा प्रश्न होता. बाकी सारी चौकशी म्हणजे त्या प्रश्नाभोवती घातलेल्या चकरा होत्या.

नातेवाइकांनी आपापली मते दिली. एका चाचांनी म्हटले, हाडे मोडून घ्यायचीच तर आखातात मोडावीत, तिथे निदान पगार मिळतो. खालांनी म्हटले, मुलगा काय कायमचा पळून चालला आहे का. आम्हा दोघांचेही एकमत नव्हते, आणि ते लपवण्यात अर्थ नाही. कुवेतमध्ये राहिलेल्याला वाटत होते की शरीर विकूनच पोट भरायचे असेल, तर जे काम मुलाला आवडते ते का नको. चौदा वर्षे न आवडणारे काम केल्यावर माणूस असा विचार करतो. इथे राहिलेलीला वाटत होते की आवडीचा जोर पंचविशीपर्यंत टिकतो आणि गुडघे आयुष्यभर लागतात. दोघांचेही खरे आहे. दोन महिने आम्ही जेवताना यावरच बोलत राहिलो, इतके की भाजीत मीठ नाही हे दोनदा कोणाच्या लक्षातच आले नाही.

ठरले ते असे. बी.कॉम.चे शेवटचे वर्ष तो पूर्ण करील. त्यानंतर दोन वर्षे त्याची. खर्च मामूंच्या घरचा आणि आमचा, शिवाय तो सकाळी एका व्यायामशाळेत काम करून आपला खुराक काढील. राज्य संघात निवड झाली तर पुढे बोलू. सरकारी नोकऱ्यांत खेळाडूंसाठी पाच टक्के जागा राखीव असतात, त्यासाठी लागणारी प्रमाणपत्रे तो पहिल्या दिवसापासून एका फाइलमध्ये ठेवील. नाही झाली, तर प्रशिक्षक किंवा पंच होण्याच्या परीक्षा आहेत, आणि नसेल तर पासपोर्ट आहेच. मुलीच्या लग्नाच्या पैशांना हात लावायचा नाही. ही अट मुलीने नव्हे, मुलाने घातली. कुवेतच्या कंपनीला आम्ही सलाम कळवून नकार दिला. फोन ठेवल्यावर बराच वेळ कोणी काही बोलले नाही.

हे सगळे केपच्या मामूंना कळवले तेव्हा त्यांनी एकच विचारले, "मान किती इंचांची आहे?" सुताराच्या टेपने मोजून कळवले, साडेसोळा. उत्तर आले, "अठरा करा, मग स्क्रममध्ये घाला." आता मुलगा रोज मानेचा व्यायाम करतो, आणि आम्ही दर शुक्रवारी बोर्लीहून मुंबईला जाणाऱ्या एस.टी.ने त्याच्यासाठी डबा पाठवतो. सुके बोंबील, उकडलेली अंडी, तांदळाच्या भाकऱ्या आणि नाचणीचे सत्त्व. मागच्या आठवड्यात त्याचा निरोप आला की वजन एकशे दोन झाले, भाकऱ्या चार जास्त पाठवा. तांदूळ दळायला टाकला आहे.